धराबाईंची पाटी

डॉक्टरीणबाई हे स्वतःच सांगतात, आणि सांगायच्या आधी पोट धरून हसून घेतात. तपासणी केंद्रावरचा त्यांचा पहिला दिवस. कपडे बदलायच्या खोलीत डोकावल्या तर बाकावर एक बुटकी, गोल बाई भिंतीला डोकं टेकून बसलेली. डोळे मिटलेले, आणि तळहात एकमेकांवर चोळणं चाललेलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं, बिचारी घाबरलीय. नवी डॉक्टर, नवा उत्साह. त्या शेजारी बसल्या, बाईचा हात हातात घेतला आणि मॅमोग्राफी म्हणजे काय, स्तनांचा फोटो कसा काढतात, मशीन कसं असतं, घाबरण्यासारखं कसं काही नसतं, असं चांगलं पाच मिनिटं समजावलं. वर खुंटीवरचा गाऊन काढून तिच्या मांडीवर ठेवला. बाईनं सगळं मन लावून ऐकलं. मग गाऊनची व्यवस्थित घडी घातली, परत दिला आणि म्हणाली, "छान सांगता तुम्ही. फक्त दाबल्यावर दुखतं का, तेवढं राहिलं. बायका आधी तेच विचारतात."

त्या धराबाई. त्या खोलीत सत्तावीस वर्षं काढलेल्या टेक्निशियन. हात चोळत होत्या ते भीतीनं नव्हे, पुढच्या बाईसाठी. मशीनची पट्टी बर्फासारखी गार असते, आणि उघड्या अंगाला ती लागली की बाई दचकते, दचकली की फोटो हलतो. म्हणून धराबाई आधी हात गरम करायच्या आणि मग पट्टीवर दोन्ही तळवे ठेवून उभ्या राहायच्या, पोळीचा तवा तापलाय का बघावा तशा. हे कुठल्या पुस्तकात नाही.

डॉक्टरीणबाई खजील झाल्या, धराबाई हसल्या, आणि दोघींचं जमलं. तो गाऊन पुढे धराबाईंच्या अंगावर चढला खरा, पण तेव्हा हसायला कुणाला सुचलं नाही.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकात आहे, बाकी कुठे नाही. दिवसभर तोंडात एकच: "श्वास घ्या. धरा. धरा. सोडा." त्यावरून कुणीतरी धराबाई म्हणालं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. घरी कशावरून तरी वाजलं की नवरा फार बोलत नाही, एवढंच म्हणतो, "सोडा आता." मग धराबाईंनाही हसू येतं आणि भांडण फुकट जातं. नवरा कोपऱ्यावरच्या टपरीत किल्ल्या बनवतो. कुलपांच्या संगतीत राहून त्याच्या तोंडालाही कुलूप लागलंय, असं वरच्या मजल्यावर राहणारी नणंद म्हणते. नणंदेच्या तोंडाला कुलूप लावील असा कारागीर अजून जन्मायचाय, ते सोडा.

धराबाई या कामाला लागल्या तेव्हा फोटो अंधारात धुवायचे. एवढीशी खोली, लाल दिवा, औषधाच्या पाण्याच्या टाक्या, नाकात बसणारा आंबट वास. फिल्म चिमट्याला लावून बुडवायची, हलवायची, धुवायची आणि ओल्या रुमालासारखी वाळत घालायची. बोटांची टोकं तपकिरी. लग्न ठरवायला आलेल्या बायकांनी ती बोटं बघून आपापसांत काय काय अंदाज बांधले होते म्हणे. मग फिल्म गेली, प्लेट आली. प्लेट गेली, फोटो थेट पडद्यावर यायला लागला. प्रत्येक बदलाला धराबाईंनी आधी नाक मुरडलं आणि दोन महिन्यांत तेच दुसऱ्यांना शिकवायला लागल्या. मॅमोग्राफी नसली की साधे एक्स-रे काढायचे. तेव्हा अंगावर शिशाचा एप्रन, कडेवर एखादं पोर घेतल्यासारखा जड. त्या एप्रननं सत्तावीस वर्षांत त्यांना दोन गोष्टी दिल्या: हात वर नेताना कुरकुरणारा डावा खांदा आणि उकाड्याच्या दिवसांत बगलेत पुरळ.

हाताखालच्या टेक्निशियनला, सगळे तिला चष्मेवाली म्हणतात, धराबाईंनी पहिल्या आठवड्यात एकच धडा दिला होता. फोटो बघून चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलू द्यायची नाही. "डॉक्टर बघतील" एवढंच म्हणायचं, आणि सगळ्यांना एकाच सुरात. एकीला गोड आणि दुसरीला कोरडं म्हटलं की दुसरी घरी जाऊन तीन दिवस त्या सुराचा अर्थ लावत बसते. आरशासमोर उभं करून त्यांनी तिच्याकडून ते वाक्य घोटून घेतलं होतं. एक गोष्ट मात्र शिकवायची राहिली, कारण ती धराबाईंना स्वतःलाच फार उशिरा कळली. ज्या बाईच्या फोटोत काही दिसायचं, तिला त्या नकळत विचारायच्या, पाणी देऊ का. बाकीच्यांना कधी नाही.

या वर्षी केंद्रावर दोन नव्या गोष्टी आल्या. एक, थ्रीडी मशीन. ते शेजारच्या खोलीत अर्धवट गुंडाळलेलं उभं होतं, आणि ते शिकून यायला डॉक्टरीणबाई तीन दिवस बाहेर जाणार होत्या. दुसरी गोष्ट, फोटो तपासणारा कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम. फोटो निघाला की तो क्षणात सगळा चाळतो, जिथे शंका येईल तिथे पिवळा चौकोन काढतो आणि शंभरपैकी आकडा देतो. आकडा जेवढा मोठा, तेवढी शंका दाट. चष्मेवालीनं त्याचं नाव सासूबाई ठेवलं, काही ना काही काढल्याशिवाय चैन पडत नाही म्हणून. पण धराबाई म्हणायच्या, काही म्हणा, सासूबाईंची नजर चांगली आहे. गेल्याच महिन्यात एका शिक्षिकेच्या फोटोत साखरेच्या दाण्याएवढं काहीतरी सासूबाईंनी दाखवलं. दोन माणसांच्या नजरेतून ते निसटलं होतं. त्या शिक्षिकेचं वेळेवर ऑपरेशन झालं. तेव्हापासून चौकोन आला की सगळे गप्प बसून बघायचे.

आणि एक जुनी गोष्ट गेली: पाटी. कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर आतल्या बाजूनं धराबाईंच्या हातची पाटी असायची, फिल्मच्या जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर जाड अक्षरात: "अंगाला काही लावलं असेल तर आधी सांगा. लाजू नका." खोलीला रंग दिला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ती काढली ती परत लावलीच नाही. हे सगळे प्रश्न आता टॅबवरच्या फॉर्ममध्ये आहेत, मग पुठ्ठा कशाला, असं त्यांचं म्हणणं. धराबाईंचं म्हणणं, फॉर्म भरतं कोण, आपणच पटापट टिचक्या मारतो. यावर दोन महिने दोघींची धुसफुस चाललेली. रोज चहाच्या वेळी पाटीचा विषय निघायचाच. डॉक्टरीणबाई शेवटी एकच मुद्दा धरून बसल्या होत्या, दाराला नवा रंग दिलाय, खिळा ठोकायचा नाही म्हणजे नाही.

आता खरी गंमत अशी, की जगभरच्या बायकांना दरवर्षी तपासणी करून घ्या म्हणून दटावणाऱ्या धराबाईंनी स्वतः तीन वर्षं चकवा दिला होता. कधी गर्दी होती, कधी खांदा दुखत होता, कधी नुसतंच उद्या. डॉक्टरीणबाईंनी बाहेरगावी जायच्या आधी सोमवारच्या यादीत त्यांचं नाव सगळ्यात वर घालून ठेवलं आणि चष्मेवालीला बजावलं, त्यांना सोडायचं नाही.

सोमवारी सकाळी धराबाई गाऊन घालून मशीनसमोर उभ्या राहिल्या. चष्मेवालीनं फॉर्म स्वतःच भरून टाकला, खालपर्यंत नाही, नाही, नाही. मग पट्टी अंगाला टेकली आणि धराबाई दचकल्या. इतकी गार असते, हे त्यांना सत्तावीस वर्षांत आज कळलं.

एकेक बाजूचे दोन असे चार फोटो. तीन झाले. चौथा, डाव्या बाजूचा तिरका, तोही झाला. आणि मग काचेपलीकडे चष्मेवाली गप्प. माउसचा आवाज आला, थांबला, परत आला. धराबाईंना ती शांतता पाठ होती. ती काचेच्या पलीकडून किती लांब असते ते माहीत होतं; अलीकडून ती किती लांब वाटते ते आज कळत होतं.

चष्मेवाली बाहेर आली. चेहऱ्यावरची माशी हललेली नव्हती.

"झालं मावशी. डॉक्टर बघतील."

सूर अगदी बरोबर. धराबाईंना क्षणभर अभिमानही वाटला. एवढं बोलून तिनं थांबायला हवं होतं. पण ती म्हणाली, "मावशी, पाणी देऊ?"

धराबाई म्हणाल्या, "दे." पाणी प्यायचं नव्हतं, तिला खोलीबाहेर काढायचं होतं. ती गेली आणि धराबाई गाऊनमध्येच पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. डाव्या बाजूला, बगलेजवळ, पिवळा चौकोन. आत चिमूटभर मीठ सांडावं तसे बारीक पांढरे कण. वर आकडा, अठ्ठ्याऐंशी.

चष्मेवाली ग्लास घेऊन आली तेव्हा त्या परत बाकावर होत्या. पाणी पूर्ण प्यायल्या, बरं वाटलं म्हणाल्या आणि कपडे घालून दहा वाजताच्या पेशंटला आत घेतलं.

रिपोर्ट गुरुवारी, डॉक्टरीणबाई आल्यावर. फोन करता आला असता. पण रिपोर्ट तीन दिवसांनी मिळतो, मधे डॉक्टरांना फोन करायचा नाही, हे धराबाईंनी आजवर हजारो बायकांना ठणकावून सांगितलं होतं. आता आपल्यावर आल्यावर नियम मोडायचा? दोनदा त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि दोनदा पर्समध्ये टाकला.

मंगळवारी त्यांनी आलेल्या प्रत्येक बाईला पाणी विचारलं. एकही सोडली नाही. चष्मेवाली काचेमागून बघत होती. दुपारी एक म्हातारी म्हणाली, इथे फार काळजी घेतात हो, आणि धराबाईंना तिथून उठून आतल्या खोलीत जावं लागलं. ज्या ज्या बायकांना त्यांनी इतक्या वर्षांत पाणी दिलं होतं त्या सगळ्यांचे चेहरे रांगेनं उभे राहात होते. काहीजणी पुढच्या वर्षी हसत परत आल्या होत्या. काहीजणी आल्या नव्हत्या. या दुसऱ्या काहीजणींपाशी विचार अडकायचा आणि पुढे सरकायचाच नाही.

संध्याकाळी नणंद जिन्यात भेटली. "वहिनी, तोंड का उतरलंय?"

खरं सांगितलं असतं तर तासाभरात चारी मजल्यांना कळलं असतं. धराबाईंच्या तोंडून निघून गेलं, दाढ दुखतेय. झालं. नणंद त्याच पावली लवंगा घेऊन आली, गरम पाण्याच्या गुळण्या करून घेतल्या, आपल्या दाताच्या डॉक्टरचा नंबर भिंतीवर चिकटवून गेली. बुधवारी सकाळी परत हजर, सूज आली का बघायला. नसलेल्या दुखण्यापायी धराबाई दोन दिवस एका बाजूनं जेवत होत्या, आणि कोणती बाजू सांगितली होती ते आठवेना म्हणून धसका वेगळाच.

नवऱ्याला काही सांगितलं नव्हतं. पण बुधवारी कामावरून आल्यावर त्यांनी त्याला बोलावून कपडे धुवायचं मशीन दाखवायला घेतलं. हे बटण आधी, मग हे, पांढरे कपडे वेगळे. औषधांचा डबा कुठे, नणंदेच्या घरची जादा किल्ली कुठे, गॅसचा नंबर कुठे लिहिलाय. तो सगळं ऐकत उभा होता. दुसऱ्याच्या हातात किल्ली देणारं माणूस कुठेतरी निघालेलं असतं, एवढं त्याला धंद्यानं शिकवलं होतं. पण विचारायचं कसं ते त्याला कळेना. म्हणून तो त्याला येत होतं ते बोलला.

"दोन दिवस मलम लावू दिलं नाहीस."

"कसलं मलम?" धराबाईंचं लक्ष मशीनवर.

"पुरळाचं. सोमवारी लावलं तेव्हा बरं होतं म्हणालीस."

धराबाईंचा हात बटणावरच राहिला. त्यांनी अगदी सावकाश विचारलं, "सोमवारी लावलं होतं?"

"रोज लावतो. तुझा खांदा वर जात नाही ना. डबा भरत होतीस. हात वर कर म्हटलं, केलास."

दिवसभर दुसऱ्यांना हात वर करा म्हणणाऱ्या बाईनं सोमवारी सकाळी कुणीतरी म्हटल्याबरोबर हात वर केला होता, आणि तोंडानं तेव्हा तिचं भाजीत मीठ कमी पडल्याचं पुराण चाललं होतं. पंधरा दिवस रोज हेच. दात घासल्यासारखं. कोणाच्या लक्षात राहणार.

मलमाची ट्यूब आणायला सांगितली. पांढरं, घट्ट, लहान बाळांना लावतात ते. चष्मा लावून त्यांनी बारीक अक्षरं वाचली आणि खुर्चीत बसल्या. त्यात जस्त होतं. जस्ताचे कण फोटोत थेट आजाराच्या कणांसारखे दिसतात. म्हणून तर ती पाटी होती.

मग त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं, चौकोन, आकडा, पाणी. तो ऐकत होता. ऐकून झाल्यावर ट्यूबचं झाकण घट्ट लावलं, परत उघडलं, परत लावलं.

"म्हणजे हे माझ्यामुळे," तो म्हणाला.

"तुमच्यामुळे असलं तर देव पावला म्हणायचं," धराबाई म्हणाल्या. "तुमच्यामुळे नसलं तर काय, ते सांगा."

खरा घोर तोच होता. आशा नव्हती तोवर निदान मन एका जागी बसलं होतं. आता ते दाराशी येऊन उभं होतं, ना आत ना बाहेर. डावीकडे पुरळ होतं आणि डावीकडेच कण होते, हे खरं. पण मलमाखाली दुसरं काही नसेलच, हे कोण सांगणार. वर लाज वेगळीच. सत्तावीस वर्षं बायकांना लाजू नका म्हणून सांगणारी बाई बगलेत मलम फासून मशीनसमोर जाते, हे तोंड वर करून सांगायचं कसं.

गुरुवारी त्या तासभर आधी केंद्रावर गेल्या. पर्समध्ये ट्यूब आणि भांडी घासायचा कोरा स्पंज. स्पंजावर बोटानं मलमाचा पातळ हात फिरवला, नवरा फिरवतो तसाच, आणि स्पंज जुन्या मशीनवर ठेवून फोटो काढला. कॉम्प्युटर नावाशिवाय पुढे जाईना, म्हणून पेशंटचं नाव स्पंज आणि वय एक वर्ष असं टाकलं. फोटो आला. चिमूटभर मीठ सांडल्यासारखे कण. सासूबाईंनी जराही विचार न करता पिवळा चौकोन काढला आणि आकडा दिला, एक्क्याण्णव.

चष्मेवाली तेवढ्यात आत आली. पडदा बघून तिचा चेहराच पडला.

"मावशी, ही कोण?"

"स्पंज. माझ्यापेक्षा तीन गुण जास्त आहेत त्याला."

आधी चष्मेवालीला कळेना. मग मशीनवरचा स्पंज दिसला, मग ट्यूब दिसली, आणि तिनं कपाळावर हात मारला. फॉर्ममध्ये तिनंच "नाही"वर टिचकी मारली होती. मावशींना कसं विचारायचं, असं वाटलं म्हणाली. शिक्षकांना पाढे कसे म्हणायला लावायचे. दोघी हसल्या, पण तेवढ्यापुरतंच. मलम असं दिसतं एवढंच स्पंजानं सांगितलं होतं. धराबाईंच्या अंगात काय आहे ते स्पंज कुठून सांगणार.

डॉक्टरीणबाई आल्या. धराबाईंनी सगळं एका दमात सांगून टाकलं, मधे श्वास न घेता. डॉक्टरीणबाईंनी सोमवारचा फोटो उघडला. मोठा केला. बाजूला सरकवला. परत मोठा केला. धराबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. दोन वर्षांत ही बाई आपल्याकडूनच हे शिकली.

"फोन का नाही केलात मला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मधे फोन करायचा नसतो."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग चष्मेवालीला हाक मारून म्हणाल्या, नवं मशीन चालू कर, यांचं आधी करू. फॉर्म परत भर, आणि एकही प्रश्न गाळू नकोस.

चष्मेवालीनं एकेक प्रश्न मोठ्यानं विचारला, धराबाईंनी एकेक उत्तर दिलं. पावडर नाही. अत्तर नाही. मलम दोन दिवस नाही. तरी साबणानं धुऊन, पुसून, परत धुऊन त्या आल्या. बगल लाल झाली होती घासून घासून.

नवं मशीन वेगळं होतं. जुना फोटो म्हणजे जाड वहीची सगळी पानं एकावर एक दाबून उजेडात धरल्यासारखा. कुठला डाग कुठल्या पानावर आहे ते समजत नाही. नवं मशीन डोक्यावरून कमानीसारखं फिरतं, बाजूबाजूनं बरेच फोटो घेतं आणि मग एकेक पान सुटं करून दाखवतं. कातडीवरचं पहिल्या पानावर, आतलं आतल्या पानांवर. धराबाईंना हे सगळं माहीत होतं, माहितीपत्रक त्यांनीच सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. पण उभं राहिल्यावर त्यातलं काही आठवेना. त्यांनी डोळे मिटले, गार पट्टीची वाट बघत अंग चोरलं.

पट्टी गरम होती. चष्मेवालीचे तळहात लालबुंद झाले होते.

"श्वास घ्या," ती म्हणाली. "धरा. धरा."

"सोडा" म्हणायला तिनं किती वेळ लावला कोण जाणे. धराबाईंना वाटलं, पोरगी विसरलीच.

मग काचेपलीकडे शांतता. माउस. शांतता. चष्मेवाली बाहेर आली आणि म्हणाली, "डॉक्टर बघतील." धराबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, पुढचं वाक्य येतंय का म्हणून. आलं नाही. पाण्याचं नावही निघालं नाही. तरी त्यांनी मनाला आवरलं. पोरीला सोमवारी काय झालं ते कळलंय, आता मुद्दाम विचारत नसेल.

दहा मिनिटांनी डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत बोलावलं. पेशंटला त्या खोलीत बसवत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी आपली खुर्ची दिली, माउस त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुम्हीच बघा."

धराबाईंनी चाक फिरवलं. पहिलं पान, कातडी. स्वच्छ. दुसरं, तिसरं. करड्या रंगाचे धागे, धुक्यासारखी जागा, परत धागे. त्या एकेक पान उलटत पार तळापर्यंत गेल्या आणि पुन्हा वर आल्या. बगलेजवळ थांबल्या. तिथे काही नव्हतं. सासूबाई गप्प होत्या. चौकोन नाही, पिवळं काही नाही. त्या परत खाली गेल्या. परत वर. तिसऱ्यांदा जायला निघाल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हळूच त्यांच्या हातावर हात ठेवला.

"काही नाही, धराबाई. मी चारदा बघितलं. आत काहीच नाही. वर होतं ते धुतलं गेलं."

धराबाईंनी मान हलवली. डोळ्यांतलं पाणी गाऊनच्या बाहीनं पुसलं, चष्मा पुसला, परत लावला. जीव भांड्यात पडायला चार दिवस लागले होते, तो पडल्यावर काय करायचं ते सुचेना. म्हणून त्यांनी सुचलं ते विचारलं.

"माझी पाटी कुठाय?"

डॉक्टरीणबाई हसल्या. हसत हसत त्यांनी बाजू मांडली, म्हणजे काय, हार सहज कोण मानतं. चूक फॉर्मची नाही, चूक न विचारण्याची. यापुढे प्रत्येकीला विचारलं जाईल, मग पाटी कशाला. धराबाई म्हणाल्या, विचारलं असतं तरी मी नाहीच म्हणाले असते, मला आठवतच नव्हतं. दारावर पाटी असती तर गाऊन घालताना समोर दिसली असती. सत्तावीस वर्षं हे काम करणारीला जी गोष्ट आठवत नाही, ती घाबरून आलेल्या बाईला कुठून आठवणार?

डॉक्टरीणबाईंनी पाटी शोधायला घेतली. पाटी प्रिंटरखाली सापडली. तो डुगडुगतो म्हणून टेकू दिला होता. धराबाईंनी एका कोपऱ्याची वळी सरळ केली आणि डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठीक आहे, लावू, पण चिकटपट्टीनं. रंग नवा आहे.

"टिकायची नाही," धराबाई म्हणाल्या.

"टिकेल. दोन्हीकडून चिकटणारी आहे."

धराबाई कपडे बदलून आल्या आणि हाताची घडी घालून बाकावर बसल्या. तोवर नवराही आला होता. तो सकाळपासून रस्त्यापलीकडे उभा होता, हे चष्मेवालीनं खिडकीतून बघून त्याला आत आणला होता. बायकोचा चेहरा बघून त्याला काय ते कळलं, आणि तो दाराशी ढिम्म उभा राहिला, फक्त एकदा नाक ओढलं. डॉक्टरीणबाईंनी पाटी चिकटवली, तळहातानं दाबली आणि दोन पावलं मागे आल्या. पाटी राहिली. त्या जिंकल्यासारखं वळल्या आणि मागे फट् आवाज झाला.

धराबाईंनी उठून पाटी उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

डॉक्टरीणबाईंनी चार पट्ट्या लावल्या. या वेळी पाटीनं चष्मेवालीचा चहा संपेपर्यंत तग धरला. मग आधी एक कोपरा सुटला, मग दुसरा, आणि ती सावकाश, सगळ्यांच्या देखत खाली आली.

नवऱ्यानं गळ्यातल्या पिशवीतून हातोडी काढली. शर्टाच्या खिशात खिळे होतेच, ते नेहमीच असतात. डॉक्टरीणबाई एकदा दाराच्या नव्या रंगाकडे आणि एकदा धराबाईंकडे बघून म्हणाल्या, "एकच खिळा हं."

"दोन," धराबाई म्हणाल्या. "एकानं पाटी फिरते. आणि जरा खाली घ्या, बसलेल्या बाईला दिसली पाहिजे."

डॉक्टरीणबाईंनी पाटी खाली घेतली आणि दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या.